फॉर्मल पत्रांचा ऑनलाइन कोर्स : विरामचिन्हं ठीकठाक, जोडणी एक नंबर, सुराचा भाग मात्र अर्धवट

आधी निकालच सांगून टाकते म्हणजे घाईवाल्यांना खालपर्यंत स्क्रोल करत बसायला नको. कोर्स घ्या, पण ज्या प्लॅनमध्ये लेखी अभिप्राय मिळतो तोच घ्या, नुसत्या रेकॉर्डेड व्हिडिओवाल्याच्या नादी लागू नका, कारण व्हिडिओत आहे त्यातलं निम्मं शाळेच्या व्याकरणाच्या पुस्तकात सापडतं आणि खरा माल आहे तो शिकवणाऱ्या मॅडम आपल्या मसुद्यावर जे लिहून पाठवतात त्यात. कोर्सचं नाव मुद्दाम देत नाहीये. खाली थोडं वाईटही बोलणारे, आणि असे कोर्स आता बरेच निघालेत, कुठलाही घेताना काय बघायचं एवढं कळलं तरी बास.

मी एका संस्थेचा पत्रव्यवहार बघते. विनंती, मुदतवाढ, तक्रार, राहून गेलेलं काम परत मार्गी लावणं, म्हणजे समोरच्या माणसाला पटवून त्याच्याकडून काहीतरी करून घ्यायचं अशी पत्रं. कोर्स नेमका तेवढ्यावरच आहे, रजेचा अर्ज आणि निमंत्रणपत्रिका त्यात नाहीत, हे मला आवडलं. तीन भाग आहेत, विरामचिन्हं, वाक्यांची जोडणी आणि सूर. (हा रिव्ह्यू वाचून माझे स्वल्पविराम तपासत बसू नका, हे काही पत्र नाहीये.)

विरामचिन्हांचा भाग सुरू होतो तो त्या फाशीच्या गोष्टीने, राजाचा हुकूम, एका स्वल्पविरामाने माणूस वाचतो किंवा मरतो वगैरे. अहो किती वर्षं तेच. मग थोडा इतिहास, की मोडीत शब्दसुद्धा सुटे लिहायची पद्धत नव्हती मग विरामचिन्हं कुठली, ती मराठीत आली छापखान्यांच्या काळात, एकोणिसाव्या शतकात, आणि ती रुजवण्यात मेजर थॉमस कँडी या इंग्रज अधिकाऱ्याचा मोठा हात होता. ऐकायला मस्त आहे. पण यातून निघणारा कामाचा मुद्दा त्या व्हिडिओत कोणी बोलतच नाही, तो असा की चिन्हं नसतानाही लोकांचे व्यवहार अडत नव्हते कारण मराठीत क्रियापद शेवटी येतं, क्रियापद आलं की वाक्य संपलं हे वाचणाऱ्याला कळतं. म्हणजे आपल्याकडे पूर्णविराम चुकला तरी फार बिघडत नाही, बिघडतं ते वाक्याच्या पोटात, जिथे चार-चार उपवाक्यं एकात एक अडकलेली असतात आणि कोण कोणाला चिकटलंय ते कळत नाही. तिथे स्वल्पविराम लागतो. लोक मात्र तो देतात श्वास घ्यायला थांबतात तिथे.

त्यानंतर मात्र बारीक गोष्टी चांगल्या पकडल्यात. सगळ्यात भारी म्हणजे विसर्ग आणि अपूर्णविराम. पत्रात "विषय" लिहून पुढे दोन ठिपके द्यायचे असतात ना, तिथे निम्मी जनता मोबाइलच्या मराठी कीबोर्डवरून विसर्ग टाकते, म्हणजे होतं "विषयः". दिसायला जवळपास सारखं, पण विसर्ग हा अक्षराला चिकटलेला उच्चार आहे, दुःख किंवा अंतःकरण मधला, आणि अपूर्णविराम हे वेगळं चिन्ह. फाँट बदलला की काही ठिकाणी ठिपके एका आकाराचे, काही ठिकाणी दुसऱ्या, आणि अख्खं पत्र कोणीतरी घाईत उरकल्यासारखं दिसतं. आणि अपूर्णविरामाच्या आधी आपण जागा सोडतो त्यामुळे कधी कधी तो एकटाच पुढच्या ओळीवर जाऊन बसतो, तो कसा रोखायचा तेही दाखवलंय. असल्या गोष्टी पुस्तकात नसतात, रोज पत्रं टाइप करणाऱ्या माणसालाच माहीत असतात.

अर्धविरामाबद्दल कोर्स म्हणतो की "पण", "परंतु"च्या आधी अर्धविराम हा शाळेतला नियम बरोबरच आहे, पण आता पत्रात तिथे स्वल्पविराम दिला तर कोणी नाव ठेवत नाही, तेव्हा दोन्हीपैकी एक काहीतरी ठरवा आणि पत्रभर तेच ठेवा. मान्य. "की"नंतर स्वल्पविराम द्यायचा का यावर मात्र उगाच लांबण लावलीये. तो दिला काय नाही दिला काय, कोणाचं मन वळायचं थांबत नाही.

या भागातला सगळ्यात कामाचा तुकडा खरं तर सुराचा आहे, तो इथे का टाकलाय देव जाणे. विरामचिन्हं टोमणे कशी मारतात ते दाखवलंय. "आपल्या नियमानुसार" असं लिहिलं तर ती माहिती झाली, पण "आपल्या 'नियमा'नुसार" असं एकेरी अवतरणात टाकलं की समोरचा लगेच समजतो की तुम्ही त्याच्या नियमाला नियम मानत नाही. वाक्याच्या शेवटी तीन टिंबं, "पुढील निर्णय आम्हाला घ्यावा लागेल...", ही सरळ धमकी झाली आणि तीही घाबरट धमकी, काय करणार ते सांगायची हिंमत नाही म्हणून टिंबं. उद्गारचिन्हाबद्दल मॅडमचं एकच वाक्य आहे, विनंतीच्या पत्रात ते कुठेही लागत नाही, आणि दोन लागली असतील तर पत्र रागात लिहिलंय. एवढं ऐकल्यावर मी ऑफिसातल्या जुन्या फायली काढून बघितल्या. बरोबर बोलतात बाई.

आता जोडणी. यासाठीच हा रिव्ह्यू लिहायला घेतला. बॅचमध्ये एक काका होते, त्यांनी आपल्या वाचनालयाला लिहिलेलं पत्र सगळ्यांसमोर चिरफाडीला द्यायची तयारी दाखवली (मोठं मन). पत्र असं होतं :

"वाचनालय संध्याकाळी सात वाजता बंद होते. तसेच नोकरदार सभासदांना पुस्तके बदलता येत नाहीत. तसेच मागील वर्षी सदर विषयावर निवेदन दिले होते. तसेच त्यावर कार्यवाही झाली नाही. तरी सदर बाब गांभीर्याने घेऊन वेळ वाढवण्यात यावी ही नम्र विनंती."

आपण सगळे असंच लिहितो, खोटं कशाला बोला. शुद्धलेखनाची एकही चूक नाही, विरामचिन्हं जागच्या जागी, शेवटी नम्र विनंतीसुद्धा आहे. आणि तरी वाचून काही हलत नाही. गाडीचे डबे एकामागे एक उभे आहेत, मध्ये कपलिंग नाही.

मॅडमनी पहिल्यांदा तिन्ही "तसेच"ना गोल केला आणि प्रत्येकाखाली लिहिलं की इथे खरं नातं काय आहे. पहिल्या ठिकाणी नातं आहे परिणामाचं, सातला बंद होतं त्यामुळे पुस्तकं बदलता येत नाहीत. दुसऱ्या ठिकाणी तर काही नातंच नाही, तिथे नवा मुद्दा सुरू होतोय आणि तो आधीच्या अडचणीला बांधायला हवा. तिसऱ्या ठिकाणी चक्क विरोध आहे, निवेदन दिलं परंतु उत्तर नाही. शाळेत उभयान्वयी अव्ययांचे प्रकार पाठ केले होते ना, समुच्चयबोधक, विकल्पबोधक, न्यूनत्वबोधक, परिणामबोधक, त्यांचा परीक्षेबाहेर उपयोग मी पहिल्यांदा बघितला. "तसेच" हा समुच्चयबोधकाचा धंदा करतो, तो फक्त आणखी एक वस्तू ढिगावर टाकतो. पटवायचं असेल तर ढीग चालत नाही, कारण आणि परिणाम लागतो.

मग "सदर". "सदर विषय" म्हणजे कुठला विषय, बंद व्हायची वेळ की पुस्तकं बदलणं? आणि शेवटची "सदर बाब" म्हणजे वेळेची बाब की उत्तर न दिल्याची बाब? लिहिणाऱ्याच्या डोक्यात पक्कं असतं, वाचणाऱ्याला मागे जाऊन शोधावं लागतं, आणि खुर्चीत बसलेला माणूस मागे जाऊन शोधत नाही, तो पत्र बाजूला ठेवतो. शेवटच्या वाक्यातल्या "घेऊन"ला पण लाल रेघ. "घेऊन" कोण? "-ऊन"वालं क्रियापद आणि शेवटचं क्रियापद यांचा कर्ता एकच असावा लागतो, इथे गांभीर्याने घेणारे समितीवाले, आणि पुढे "वेळ वाढवण्यात यावी" मध्ये कर्ताच गायब. काम कोणी करायचं हे वाक्यातच नाही मग ते कोण करणार.

आणि मग हे सुधारलेलं :

"वाचनालय संध्याकाळी सात वाजता बंद होते. त्या वेळेपर्यंत अनेक नोकरदार सभासद कामावरून परतलेले नसतात, त्यामुळे त्यांना पुस्तके बदलता येत नाहीत. ही अडचण आम्ही मागील वर्षीच्या निवेदनात मांडली होती, परंतु त्याचे उत्तर अद्याप मिळालेले नाही. आठवड्यातून निदान दोन दिवस समितीने वाचनालय रात्री नऊपर्यंत उघडे ठेवावे, अशी आमची विनंती आहे."

बघा, वाक्याची सुरुवात मागच्या वाक्याचं बोट धरते. "त्या वेळेपर्यंत", "ही अडचण". वाचणाऱ्याला जे माहीत झालंय ते आधी आणि नवीन ते नंतर. मॅडमची यासाठी एक ट्रिक आहे, पत्र लिहून झालं की प्रत्येक वाक्याचे फक्त पहिले दोन-तीन शब्द वाचत खाली यायचं, बाकीचं हाताने झाकायचं. नुसत्या त्या तोंडांवरून मुद्दा पुढे सरकताना दिसला तर पत्र जुळलं. "तसेच, तसेच, तरी" दिसलं तर नाही. मी हे आता ऑफिसात सगळ्यांना करायला लावते, कनिष्ठ मंडळी वैतागलीयेत.

अजून एक गंमत, जी कोर्सने बोलून दाखवली नाही पण मला दिसली. दुसऱ्या मसुद्यात नम्रतेचा एकही शब्द वाढवलेला नाही, उलट "नम्र" काढलाय, "गांभीर्याने" काढलाय. तरी ते पत्र जास्त सभ्य वाटतं. "कार्यवाही झाली नाही" हा आरोप होता, "उत्तर मिळालेले नाही" ही घडलेली गोष्ट झाली. आणि मागणी नेमकी झाली, दोन दिवस, नऊपर्यंत, त्यामुळे समितीला हो किंवा नाही म्हणता येतं, "बघू" म्हणून सुटता येत नाही. म्हणजे काम केलं जोडणीवर आणि सुधारला सूर. माझं तर मत झालंय की पत्राचा सूर बिघडलाय असं जे आपण म्हणतो त्यातला बराचसा भाग सुराचा नसतोच, सांधे निखळलेले असतात, आणि मुद्दा पोचत नाहीये असं वाटून लिहिणारा आवाज चढवतो, विशेषणं टाकतो, "तीव्र", "अत्यंत", "वारंवार".

थोडी थिअरीही आहे. हॅलिडे आणि हसन या भाषाशास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये इंग्रजीसाठी मांडलेले जोडणीचे पाच प्रकार आहेत, संदर्भ, बदली शब्द, गाळलेला शब्द, जोडशब्द आणि शब्दांची आपसातली नाती. एका व्हिडिओत ते मराठी उदाहरणांवर लावून दाखवलेत. त्यातलं शेवटचं पत्रांसाठी महत्त्वाचं. आपल्याला शाळेपासून सवय असते की तोच शब्द परत वापरायचा नाही, निबंध कंटाळवाणा होतो, म्हणून एकाच पत्रात "वाचनालय", मग "ग्रंथालय", मग "आपली संस्था", मग "उपरोक्त ठिकाण". वाचणाऱ्याला वाटतं चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत. फॉर्मल पत्रात एक शब्द धरला की तोच शेवटपर्यंत, कंटाळा आला तर येऊ दे.

जरी-तरीचा धडा तर परत परत बघण्यासारखा आहे. समोरच्याची अडचण आपणच आधी मांडायची आणि ती "जरी"च्या बाजूला टाकायची. "वेळ वाढवणे शक्य आहे, पण कर्मचारी कमी आहेत" आणि "कर्मचारी कमी असले, तरी वेळ वाढवणे शक्य आहे", माहिती तीच, पण पहिल्यात वाचणाऱ्याच्या हातात नकाराचं कारण राहतं आणि दुसऱ्यात होकार. जे शेवटी येतं त्याचं वजन राहतं. यात कुठेही फसवणूक नाही, अडचण लपवलेली नाही, उलट तुम्ही ती ओळखलीत म्हणून समोरचा थोडा मऊ होतो. बॅचमधल्या एकीने विचारलं होतं की आपणच त्यांची अडचण सांगितली तर त्यांना आयतं कारण नाही का मिळणार, त्यावर मॅडम म्हणाल्या, "कारण त्यांच्याकडे आहेच. ते तुमच्या पत्रात आलं की त्याला उत्तरही तुमच्याच पत्रात मिळतं."

एवढं सगळं झाल्यावर तिसऱ्या भागाकडून अपेक्षा वाढल्या होत्या आणि तिथेच माती खाल्ली. सूर या नावाखाली मुख्यतः नम्र शब्दांची यादी आहे. सविनय, कृपया, आदरपूर्वक, आपल्या सहकार्याच्या प्रतीक्षेत, असं पानभर, आणि कुठे काय वापरायचं याचा पत्ता नाही. एका नमुना पत्रात तर "कृपया" एवढ्या वेळा आलाय की शेवटी शेवटी ते गयावया वाटायला लागतं. ज्या बाईंनी काकांच्या पत्रातून "नम्र" काढून टाकला त्यांनीच ही यादी केली असेल यावर माझा विश्वास बसत नाही, बहुतेक दुसऱ्या कोणीतरी केलीये.

पत्र कोणाला जातंय हा प्रश्न तर विचारलेलाच नाही. वरच्या अधिकाऱ्याला, बरोबरीच्या संस्थेला, आणि जो आपलं काम करायला बांधलेला आहे त्याला, तिघांना एकच सूर कसा चालेल? "आपण मंजुरी द्यावी", "मंजुरी देण्यात यावी" आणि "मंजुरी देता येईल का" यात केवढा फरक आहे. मधला प्रकार कोणावरच बोट ठेवत नाही म्हणून सुरक्षित वाटतो, पण वर म्हटलं तसं त्यात काम कोणाच्याच गळ्यात पडत नाही. शेवटचा प्रकार बरोबरीच्या माणसाला छान, पण जिथे तुमचा हक्कच आहे तिथे तो दुबळा. याच्यावर एक अख्खा व्हिडिओ हवा होता, मिळालं एक ओझरतं वाक्य. "आपण"चा घोळ मात्र सांगितलाय, तेवढं बरं केलं. "आपण ही तारीख ठरवली होती" यात आपण म्हणजे तुम्ही की आपण दोघं मिळून? वादाच्या पत्रात हे फार महागात पडतं, तिथे सरळ पदनाम किंवा समितीचं नाव लिहावं.

आणि स्मरणपत्र! (रिव्ह्यू आहे, चालतं.) पटवायच्या पत्रातलं सगळ्यात अवघड पत्र म्हणजे दुसरं पत्र. पहिलं गोड लिहिता येतं, उत्तर आलं नाही की आतून राग आलेला असतो आणि तरी काम करून घ्यायचं असतं. त्यावर या कोर्समध्ये काही नाही. लाइव्ह सेशनमध्ये मी विचारलं तर उत्तर मिळालं "संयम ठेवावा". तो ठेवतोच आहोत हो. माझी पद्धत सांगते, कोणाला उपयोग झाला तर. आधीच्या पत्राचा क्रमांक आणि दिनांक पहिल्याच वाक्यात टाकायचा, मागणी पहिल्या पत्रातल्याच शब्दांत जशीच्या तशी ठेवायची, एकही विशेषण वाढवायचं नाही, आणि उत्तर कुठल्या तारखेपर्यंत हवंय आणि त्याच तारखेचं कारण काय ते लिहायचं. तारीख वाचूनच समोरच्याला किती उशीर झालाय ते कळतं, आपल्याला "अत्यंत खेदाने" लिहायची गरज पडत नाही. "अन्यथा" शक्यतो नकोच, आणि लिहायचंच असेल तर त्याच्या पुढे जे लिहाल ते खरंच करणार असाल तरच लिहा.

समारोपावरही जेमतेम दोन ओळी आहेत, "कळावे" आणि "आपला विश्वासू" एवढंच. त्यात निदान हे तरी सांगायचं होतं की "लोभ असावा" हे घरगुती पत्रातलं आहे, तक्रारीच्या पत्राखाली ते आलं की हसू येतं. मला अशी पत्रं दर महिन्याला येतात.

बाकी सोयींबद्दल. व्हिडिओचा आवाज स्वच्छ आहे, ॲप मोबाइलवर नीट चालतं. पण नमुना पत्रांच्या पीडीएफ युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटमध्ये केल्यात, त्यामुळे कॉपी करून पेस्ट केलं की नुसती विचित्र अक्षरं येतात, सगळं परत टाइप करा. पत्रलेखन शिकवणाऱ्यांनी हे करावं म्हणजे कमाल आहे. ॲपमध्ये एक ऑटोमॅटिक तपासणी पण आहे, ती लांब वाक्य दिसलं की लाल करते, बाकी काही कळत नाही तिला. काकांचं मूळ पत्र गंमत म्हणून टाकून बघितलं तर एकही चूक दाखवली नाही, शाब्बासकी दिली. सुधारलेल्या पत्रातलं "त्या वेळेपर्यंत"वालं वाक्य मात्र लाल.

कोणीतरी विचारेलच की हल्ली चॅटबॉटला सांगितलं की पत्र मिळतं मग कोर्स कशाला. मिळतं, व्याकरण पण बरं असतं, पण मला तरी "मी हे पत्र आपणास याकरिता लिहीत आहे की" आणि "आपल्या सकारात्मक प्रतिसादाची अपेक्षा करतो" असलीच वाक्यं परत परत मिळतात आणि टेबलावर रोज अशी पत्रं वाचणारा माणूस ती एका नजरेत ओळखतो. शिवाय मागणी नेमकी काय करायची हे आपल्यालाच ठरलेलं नसेल तर ते त्याला कुठून ठरणार.

लेखी अभिप्राय यायला वेळ लागतो हे धरून चाला, माझं एक पत्र तर अभिप्राय येण्याआधीच पाठवून द्यावं लागलं. म्हणून तातडीचं पत्र तपासायला देऊ नका, आधी पाठवून झालेलं आणि काम न झालेलं एखादं जुनं पत्र द्या, त्याच्यावर लाल रेघा बघायला जास्त मजा येते. नाव नोंदवताना "मसुदा तपासणी" कोण करणार हेही विचारून घ्या, आमच्या बॅचला मॅडम स्वतः होत्या, पुढच्या बॅचला त्यांचे सहायक असणार असं ऐकलंय, आणि त्या नम्र शब्दांच्या यादीवाल्याच्या हातात मसुदा गेला तर मी वर लिहिलेल्यातलं निम्मं कौतुक परत घेते.